पाठमोरा साडो

"पाठ बंद होयी, मेस्ता. मानेपासून कमरेपर्यंत बंद. बोटभर जागा दिसाक नको." मादरीन ओरडत होती, आणि अशी ओरडत होती की समोरच्या माडावरचा कावळा उठून पलीकडच्या वाडीत कायमचा राहायला गेला. मेस्त तिच्यापासून हातभर अंतरावर, मशीनमागे बसून सुईत दोरा ओवत होता. तेच वाक्य तिसऱ्यांदा झालं तेव्हा त्याने मान वर केली, चष्मा कपाळावर चढवला आणि चर्चमध्ये मिसेला बसल्यासारख्या हलक्या आवाजात विचारलं, "च्या घेतंस?"

वेंगुर्ल्यापासून विजयदुर्गापर्यंतच्या किनाऱ्यावर आमच्या मेस्ताएवढा ठार बहिरा माणूस नाही, आणि त्याच्याइतकं नेमकं ऐकून घेणाराही दुसरा नाही, हे मी कुणकेश्वराच्या पायरीवर हात ठेवून सांगायला तयार आहे. मेस्त म्हणजे आमच्या वाडीतला शिंपी. त्याला नाव आहे, आणि चांगलं तीन मजली पोर्तुगीज वळणाचं नाव आहे. पण ते पोस्टमनलाही पाठ नाही. पाकिटावर नुसतं 'मेस्त' लिहिलं तरी पत्र पोचतं. तरुणपणी शेजारच्या परड्यात विहीर खणताना लावलेला सुरुंग त्याच्यामागे दहा पावलांवर फुटला. तो सांगतो, जन्मभर पुरवून पुरवून ऐकायचे सगळे आवाज देवाने त्या एका दुपारी एकदम देऊन टाकले. तेव्हापासून तो ओठ बघून बोलणं ओळखतो, आणि ओळखायचं नसेल तेव्हा चष्मा कपाळावर चढवतो. समोरच्याचे ओठच पुसट झाले की विषय संपला. तरीही वाडी त्याच्याशी ओरडूनच बोलते. याबाबत आमच्याकडे दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, त्याला काही म्हणजे काही ऐकू येत नाही. दुसरा म्हणतो, मेलो सोंगाडो आसा, मासेवालीची हाक बरी तिठ्यावरून ऐकू येते. ओरडण्याचा परिणाम असा, की मेस्ताला खासगीत सांगितलेली गोष्ट चहा निवायच्या आत सगळ्या वाडीला कळलेली असते. एकदा आमच्या शेजारणीने त्याला "कोणाक सांगा नको हां" हेसुद्धा इतक्या मोठ्यांदा सांगितलं की खाडीपलीकडून कोणीतरी "सांगूचंय नाय" म्हणून शब्द दिला.

टेप त्याच्या गळ्यात असते, पण ती दागिना म्हणून. माप तो डोळ्यांनी घेतो. रविवारी मिस सुटली की कुंपणाशी खुर्ची टाकून बसतो आणि समोरून जाणाऱ्या गावाचं माप सरसकट घेऊन टाकतो. कोणाची कंबर सरली, कोणाची वाढली, कोणत्या सुनेला दिवस गेले, हे डॉक्टरच्या आधी मेस्ताला कळतं. तो फक्त बोलत नाही, शिवणीत चार बोटं कापड जास्त सोडून ठेवतो. त्याच्या हयातीच्या दाखल्यासाठी एकदा मी त्याला ओरोसला घेऊन गेलो होतो, म्हणजे त्याचे कान म्हणून गेलो होतो. कचेरीतल्या साहेबांनी विचारलं, "आजोबा, तुम्ही हयात आहात याला पुरावा काय?" मेस्ताने साहेबांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि कचेरीसाठी राखून ठेवलेल्या शुद्ध मराठीत म्हणाला, "साहेब, आपला उजवा खांदा डाव्यापेक्षा पाऊण इंच खाली आहे. शर्ट शिवणाऱ्याने तो लपवला नाही. मी असतो तर लपवला असता." साहेबांनी दोन्ही खांदे चाचपून बघितले आणि शिक्का मारला. पुढच्या महिन्यात हेच साहेब दोन शर्टांचं कापड काखेत मारून एसटीने आमच्या वाडीत उतरले.

लपवणं ही त्याची खरी विद्या. त्याने शिवलेल्या कपड्यांत आमच्या गावात गेली चाळीस वर्षं एकही माणूस वाकडा दिसलेला नाही. कपडे उतरवल्यावर आम्ही कसे आहोत ते आम्हाला आणि समुद्राला ठाऊक. अशा माणसाचं भोकाशी वैर असणार हे ओघानेच आलं. साधं शर्टाचं काज पाडायचं तरी तो आधी छातीवर क्रूस काढतो, मग कात्री लावतो. रफू मात्र असा करतो की माझ्या आजोबांचा कसरीने चाळण केलेला कोट त्याच्याकडून परत आला तेव्हा मूळचं कापड कुठलं आणि मेस्ताचं कुठलं यावर घरात दोन दिवस वाद चालला होता. कापडाची कातरणही तो ठेवून घेत नाही. नखाएवढे तुकडे पिशवीत भरून, गाठ मारून, ज्याचे त्याला परत. "कापड देवान सलग दिल्यान," तो म्हणतो, "कापतंय ता माझा पाप. निदान चोरी तरी नको."

आता हल्लीच्या नवऱ्या येतात त्या मोबाइलवर फोटो घेऊन. फोटोत लग्नाचा झगा, आणि झग्याला कमरेच्या दोन्ही अंगांना खिडक्या, छातीखाली एक झरोका, पाठीला तर अख्खा दरवाजा. याला कटआउट म्हणतात. मेस्ताकडे असला फोटो पहिल्यांदा आणला तो म्हापशाला ब्युटी पार्लरमध्ये कामाला असलेल्या आमच्याच वाडीतल्या एका मुलीने. मेस्ताने तो लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला आणि कळवळून विचारलं, "उंदीर काय गो?"

"फॅशन आसा, मेस्ता."

"घेवन ये तो झगो. असो रफू करून देतंय की शोधूक गावाचो नाय."

ती म्हापशालाच शिवून आली. तिच्यामागून आणखी चार-पाच जणी आल्या तशा परत गेल्या. प्रत्येकीला मेस्ताने एकच उत्तर दिलं, "भोकां पाडूक उंदीर आसत, कसर आसा. मी कित्याक तेंच्या पोटार पाय आणू?"

आणि मग लीनाचं लग्न ठरलं.

मादरीन म्हणजे बाप्तिस्म्याला मूल हातात धरणारी, धर्माची आई. लीनाची मादरीन ही तिची सख्खी मावशी. लीना तीन वर्षांची असताना तिची आई गेली आणि मावशीनेच तिला वाढवलं. आवाज वाघिणीचा, काळीज कोंबडीचं. पिलावर घारीची सावली पडली की अंगण डोक्यावर घेणारी बाई. लीना नऊ वर्षांची झाली तेव्हा तिचा कणा एका अंगाला कलायला लागला. मादरीनने ते आधी सांगितलं मेस्ताला, आणि आयुष्यात पहिल्यांदा ओरडून नव्हे, तर त्याच्याच खडूने कापायच्या टेबलावर लिहून. मेस्ताने वाचलं आणि तळहाताने पुसून टाकलं. तेव्हापासून लीनाच्या फ्रॉकला एका खांद्यात कापसाची घडी आणि दुसऱ्या अंगाला दोन चुण्या जास्त. कणा कलत गेला तशी घडी जाड होत गेली. सात वर्षं ती मुलगी आमच्यासमोरून शाळेत गेली, नाताळात नाचली, आणि बोट ठेवता येईल असं काही आम्हाला दिसलं नाही. सोळाव्या वर्षी गोव्याच्या इस्पितळात ऑपरेशन झालं तेव्हा कुठे वाडीला कळलं. परत आल्यावर मादरीन तिला नव्या फ्रॉकच्या मापाला घेऊन गेली. मानेखालून कमरेपर्यंत ओळंब्यासारखी सरळ व्रणाची रेघ होती. मेस्ताने ती बराच वेळ बघितली आणि म्हणाला, "टाको बरो घातल्यान. वायच घट्ट आसा, पण बरो." आमच्या मेस्ताने दुसऱ्या कोणाच्या शिवणकामाला बरं म्हटल्याचा हा एकच दाखला. मग त्याने तिचे जुने फ्रॉक मागवून घेतले, एकेकाच्या खांद्यातला कापूस उसवून काढला आणि पिशवीत भरून, गाठ मारून, मादरीनला परत दिला.

ही लीना आता कुडाळला शाळेत शिकवते. नवरा मडगावचा, बोटीवर नोकरीला. त्याला ऑपरेशनचं सगळं ठाऊक होतं. त्याच्या घरच्यांना नव्हतं. मादरीनने ते सांगू दिलं नव्हतं. चर्चमध्ये घालायचा पांढरा झगा बंद गळ्याचा, बंद पाठीचा, त्याबद्दल कोणाचा वाद नव्हता. वाद होता तो साड्याबद्दल. साडो म्हणजे साडी नव्हे. नवऱ्याकडून लाल कापड येतं, त्याचा नवरीला जो पोशाख शिवतात तो साडो. लग्नाच्या जेवणाला ती तो घालून मांडवात येते, आणि सासरची सगळी माणसं तिला त्यात बघतात.

लीना मेस्ताकडे आली तेव्हा मी तिथेच होतो, पँट आखूड करून घ्यायला. तिने मोबाइल काढला नाही. टेबलावरचा खडू घेतला आणि आंब्याच्या पानाचा आकार काढला, वर टोक, खाली टोक.

"ह्या माका साड्याच्या पाठीर होया."

"भोक?" मेस्त म्हणाला.

"भोक."

"नाय."

"सात वर्सां तू ता लपवलंस, मेस्ता. बरा लपवलंस. आता सरळ झाला हा. आता कोणापासून लपवतंस?"

मी मेस्ताच्या चष्म्याकडे बघत होतो. तो नाकावरच होता.

"मादरीन काय म्हणता?" त्याने विचारलं.

"नको म्हणता. सासरची माणसां बघतली म्हणता."

"मगे नाय," मेस्त म्हणाला. लीनाने खडू जागच्या जागी ठेवला आणि गेली. मी पुढे झालो तर मेस्ताने मला हाताने थांबवलं. टेबलावरचं पान त्याने पुसलं नव्हतं.

सुरुवातीला जी मादरीन ओरडत होती ती दुसऱ्या दिवशीची. बातमी तिच्यापर्यंत कशी गेली ते विचारू नका, त्या मुलीच्या आणि मेस्ताच्या मध्ये मी होतो एवढंच सांगतो. चहा तिने घेतला. ओरडून ओरडून घसा बसला होता, म्हणून की काय, तिने खडू उचलला आणि टेबलावर लिहिलं. ते मी मान लांब करून वाचलं: 'पाठ बघून तेंनी माझ्या चेडवाक नावा ठेवल्यानी तर माका सोसाचा नाय.' मेस्ताने चष्मा खाली घेतला, वाचलं, मान हलवली आणि तळहाताने पुसलं. मादरीन निवांत होऊन घरी गेली.

साड्याचं कापड शिंप्याच्या दुकानात कापत नाहीत. शिंपीच नवरीच्या घरी जातो, मांडवात चटईवर कापड पसरतो, भोवती नातेवाईक उभे राहतात, आणि पहिली कात्री लागली की अंगणात फटाका वाजतो. वाजवणारा शेजारचा असावा अशी त्यांच्याकडे रीत, आणि शेजारचा म्हणजे मी. दोन दिवस आधी मेस्ताने मला कुंपणाशी गाठलं.

"फटाके तू लावतलंस मा?"

मी मान हलवली.

"लवंगी नको. सुतळीचो आण. मोठो."

मला वाटलं, म्हाताऱ्याला आपल्या कात्रीचा मान मोठा हवा आहे. मी कणकवलीला जाऊन असा सुतळी बॉम्ब आणला की एसटीत कंडक्टरने त्याचं वेगळं तिकीट मागितलं असतं तर मी दिलं असतं.

कापायच्या दिवशी मांडव भरला होता. मडगावहून नवऱ्याची थोरली आत्या कापड घेऊन आली होती. लालभडक, जड, हातातून पाण्यासारखं निसटणारं. मेस्त चटईवर गुडघे टेकून बसला. शेजारी त्याचा बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, सुया-दोऱ्यांचा. त्याने कापडाची बरोबर मधोमध घडी घातली, तळहाताने सपाट केली, क्रूस काढला, कात्री उचलली. मादरीनने रुमाल हलवला. मी वात पेटवली.

तो आवाज खारेपाटणापर्यंत गेला असं मी म्हणत नाही. तिथले लोक म्हणतात. आमच्या मांडवात मात्र एवढं खरं घडलं, की चटईखालची जमीन हादरली, आत्याबाई खुर्चीसकट मागे सरकल्या आणि दोन कोंबड्यांनी वेळ नसताना अंडी घातली. मी धावत आत आलो. मेस्ताने कापड दोन्ही हातांनी उचलून उलगडलं होतं. पाठीच्या बरोबर मधोमध, वर टोक आणि खाली टोक, आंब्याच्या पानाएवढी फट. फटीतून पलीकडची मादरीन दिसत होती, आणि तिचं तोंड उघडं होतं.

"हात हललो," मेस्त म्हणाला.

चाळीस वर्षांत ज्याच्या कात्रीने दोऱ्याइतकी चूक केली नव्हती तो माणूस सगळ्या गावासमोर आणि मडगावच्या पाहुण्यांसमोर हे म्हणाला. कोणी हसलंसुद्धा नाही. नवऱ्याकडून आलेल्या साड्याच्या कापडाला एकदा कात्री लागली की ते बदलता येत नाही, दुसरं आणणं म्हणजे अपशकुन. त्यामुळे मादरीनला एकच वाट उरली होती. "रफू कर," ती म्हणाली, आणि तेही ओरडून नाही.

मेस्ताने ती फट उजेडाकडे धरून बघितली. "ह्याचो रफू होवचो नाय," तो म्हणाला. माझ्या आजोबांचा कोट मला आठवला, पण बोलायची वेळ नव्हती, कारण तोवर सगळा मांडव माझ्याकडे वळला होता.

"तोफ आणलंस काय रे मेल्या?" मादरीन म्हणाली.

मेस्त डब्यातून लाल पट्टी काढून फटीच्या काठाला टाचायला लागला होता. लीना त्याच्यासमोर चटईवर बसून पट्टीचं दुसरं टोक धरून होती.

लग्नाच्या संध्याकाळी लीना साडो घालून मांडवात आली. पुढून बंद, गळ्यापर्यंत. मग नवऱ्याने हात धरून तिला नाचायला वळवलं, आणि अख्ख्या मडगावने तिची पाठ बघितली. लाल कापडात ते पान, आणि पानाची मधली शीर असावी तशी ती व्रणाची सरळ रेघ. मादरीन खांबाला धरून उभी होती. मेस्त कोपऱ्यात जेवत होता, चष्मा नाकावर. नवऱ्याची आत्या उठली, चालत गेली, नाचणाऱ्या मुलीला थांबवून तिच्या पाठीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हें कितें गो?"

"कणो वाकडो होतो," लीना म्हणाली, "सरळ करून घेतलो."

आत्याबाईंनी बोट वरून खालपर्यंत फिरवलं. ती बाई स्वतः भरतकाम करणारी निघाली. "टांको बरो मारला," ती म्हणाली, आणि मुलीला पुन्हा नवऱ्याच्या हातात देऊन आपल्या जागेवर जाऊन बसली. झालं ते एवढंच. ज्याच्यासाठी मादरीनने सात वर्षं कापूस आणि पुढे कितीतरी वर्षं श्वास वापरला, ते एवढ्यात संपलं. मग मादरीन अशी नाचली, की मांडवाचे दोन खांब दुसऱ्या दिवशी पुन्हा पुरावे लागले.

पण मांडवातली गोष्ट मांडवाबाहेर वेगळी होऊन फिरते. 'मेस्ताचो हात हलता' हे पुढच्या रविवारी मिसेला सगळ्यांना ठाऊक होतं. दोन लग्नं कुडाळच्या दुकानात गेली, मग आणखी गेली. कोणी वाईट बोललं नाही. वय झालं म्हणाले, आणि पुढे गेले. मेस्ताने एका अक्षराने खुलासा केला नाही. आता तो उशांचे अभ्रे शिवतो, पडदे शिवतो, माझ्या पँटी आखूड करतो. कुंपणाशी खुर्ची टाकून तो अजून बसतो आणि अजून सगळ्या गावाचं माप घेतो. ती मापं जातात कुठे कोण जाणे. माझी शिक्षा वेगळी. तेव्हापासूनच्या तीन नाताळांत मादरीनच्या घरून सगळ्या वाडीला नारळ-गुळाचं दोदोल गेलं, माझ्या दारावरून मात्र ताट पुढे गेलं.

परवा गेलो होतो त्याच्याकडे. भिंतीवर त्याने शिवलेल्या झग्यांतल्या नवऱ्यांचे फोटो आहेत, चाळीस वर्षांचे, सगळे समोरून काढलेले. शेवटचा तेवढा पाठमोरा. इतकी वर्षं तो फोटो माझ्यासमोर होता, पण त्या दिवशी काय झालं कोण जाणे, मी जवळ जाऊन बघितला. पानाची कड वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत एकसलग, कुठे खाच नाही. दचकलेला हात कापड फाडतो, कापून बाहेर निघतो. तो असा वळण घेऊन पुन्हा घडीवर येत नाही. आणि ती लाल पट्टी, काठाला बसेल अशी तिरपी कापलेली, कापड उलगडायच्या आधीपासून बिस्किटांच्या डब्यात होती. मला राग आला असता, पण तीन वर्षांच्या दोदोलाचा राग एकदम येत नाही, आणि समोर तो म्हातारा अभ्र्याच्या शिवणीचा दोरा दाताने तोडत बसला होता.

मी त्याच्यासमोर उकिडवा बसलो. चष्मा नाकावर आहे याची खात्री केली, आणि जन्मात पहिल्यांदा त्याच्याशी न ओरडता, नुसते ओठ हलवून बोललो. "मेस्तानु, त्या दिसा तुमचो हात माझ्या फटाक्यान हललो मा?"

मेस्ताने सुईत दोरा ओवला, गाठ मारली आणि माझ्याकडे बघितलं.

"खंयचो फटाको?"